अपरांत नावाचं घर

१

घराला नाव ठेवताना निदान ज्याला त्या घरात मरायचं आहे त्याला तरी विचारावं की नाही? कस्तुरीबाईंना कोणी विचारलं नाही. बेंगळुरात, जयनगरच्या पलीकडं नव्या लेआउटमध्ये लेकानं घर बांधलं, वास्तुशांत झाली, पंगत उठली, आणि मग उपेंद्रनं दाराशेजारच्या दगडावरचं फडकं ओढलं. बाईंना अक्षर येत नव्हतं. नात वल्लरीनं बोट ठेवून वाचून दाखवलं, "अ-प-रां-त."

"म्हणजे काय गं?"

उत्तर नरसिंहरावांनी दिलं. नाव त्यांनीच सुचवलं होतं. मराठी मंडळाचे कार्यवाह, राहायला मल्लेश्वरमला, मूळचे घाटावरचे. समुद्र त्यांनी पाहिला तो सहलीत. पण कोकणावर बोलायला उभे राहिले की खाली बसायचे नाहीत.

"काकू, तुमच्या कोकणाचं हे जुन्यातलं जुनं नाव. अपर म्हणजे पश्चिम, अंत म्हणजे शेवट. देशाचा पश्चिमेकडचा शेवट. इथं जमीन संपली, पुढं नुसतं पाणी! दगडांवर कोरलेल्या लेखांतसुद्धा सापडतं."

"शेवट?" कस्तुरीबाई म्हणाल्या. "घराला कोणी शेवट म्हणतं का हो? आणि हे ठेवलं कुणी?"

"जुन्या राजांनी, पंडितांनी."

"ते किनाऱ्यावर राहायचे?"

"नाही, ते इकडं पूर्वेला..."

"मग तसं सांगा. लांब उभं राहून ठेवलेलं नाव ते. आमचे पुरुष सकाळी होडी लोटायचे, त्यांचा दिवस तिथून सुरू व्हायचा. त्यांना कोण सांगायला गेलं होतं, की बाबांनो, तुम्ही शेवटाला राहता म्हणून?"

पाहुणे हसले. म्हातारी गमतीची आहे, असं पुण्याहून नव्यानं आलेली एक सून दुसरीला म्हणाली. कस्तुरीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण शुभकार्यात तोंड किती उघडायचं?

आणि मग नरसिंहरावांनी त्याहून मोठा पराक्रम केला. डोक्याला पंचा गुंडाळला, हातात नारळ घेतला आणि म्हणाले, "आता खास कोकणी गाऱ्हाणं! मी म्हणेन, तुम्ही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं."

गाऱ्हाणं म्हणजे काही गाणं नव्हे. बाईंच्या गावी आप्पाजी गावकर देवळापुढं उभा राहून गावाच्या वतीनं मागणं मागायचा, तेव्हा पोरंसुद्धा नाक शिंकरायची नाहीत. इथं मसाला सुपारी चघळत मंडळी गोल करून उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या उपेंद्रान परमुलखात घर बांधल्यान, तेका अपरांत असा नाव दिल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराची शीव ती तुझी शीव. हय येवन रव. आनि ह्या घरात कोण जा काय मागात, ता तेका पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हशा झाला, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या. आणि सगळे गप्प झाल्यावर मागच्या अंगानं, पश्चिमेकडून, आणखी एकदा आलं.

व्हय म्हाराजा.

मोठ्यानं नाही. लांबवर पुष्कळ माणसं एका दमात बोलावीत तसं. त्यात हसू नव्हतं.

"नव्या घराचा घुमारा," नरसिंहराव म्हणाले आणि नारळ फोडला.

२

मागची खोली आजीची आणि नातीची. मोझेइकची फरशी, एक खिडकी, एक दार. दाराबाहेर ग्रॅनाइटची एकच पायरी आणि पायरीखाली कुणाची तरी मोकळी साइट, म्हणजे घरासाठी राखलेली रिकामी जागा. तिच्यावर एरंड माजलेला, गाजरगवत, विटांचे तुकडे, लोकांनी टाकलेला कचरा. त्याच्या पलीकडं लेआउटची पाण्याची उंच टाकी. सकाळी चहाचा पेला घेऊन कस्तुरीबाई दारात बसायच्या ते टाकीकडं बघत. बघायला दुसरं होतंच काय?

एका सकाळी पायरी ओली दिसली. नळाला पाणी आलं नव्हतं, पाऊस तर महिनाभर नव्हता. उन्हं चढली तशी पायरी वाळली आणि वर पांढरी रेघ उरली. बाईंनी बोट फिरवून जिभेवर ठेवलं.

"उपेंद्रा, पायरीवर मीठ आहे."

"आई, सिमेंटमधले क्षार असतात ते. नव्या बांधकामाला फुटतात."

"क्षार तुझ्या कारखान्यात. माझ्या जिभेवर आहे ते मीठ."

"बरं, मीठ," तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला. शहाण्या माणसाचं 'बरं' हे अडाण्याच्या तोंडावर लावलेलं दारच असतं.

त्याच दुपारी सून विद्या त्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मागून कचऱ्याचा वास आला तशी वैतागून म्हणाली, "ही घाण एकदाची जाऊ दे बाई इथून!"

व्हय म्हाराजा.

विद्यानं मान वर केली. "आई, बाहेर कोण बोललं?"

"तूही ऐकलंस?"

"कुठंतरी लाउडस्पीकर असेल," विद्या म्हणाली आणि पुन्हा घड्या घालू लागली.

दुसऱ्या दिवशी साइट साफ होती. एरंड नव्हता, गवत नव्हतं, विटेचा खडा नव्हता. जमीन गुळगुळीत, आणि तिच्यावर बारीक बारीक वळ्या एकीमागे एक, थेट टाकीपर्यंत. विद्या खूश. कॉर्पोरेशनवाले अखेर आले म्हणाली.

कस्तुरीबाईंच्या हातातला चहा तसाच निवला. झाडलेल्या जमिनीवर खराट्याचे फराटे असतात. वळ्या पडतात त्या पाणी ओसरून गेल्यावर.

३

आता बाई काही भुताखेतांना भिणाऱ्यातल्या नव्हत्या. कान म्हातारे झालेत, असं त्यांनी स्वतःला बजावलं. जवळ शाळा आहे, पोरं प्रार्थना म्हणत असतील. देवळात भजन असेल. मीठ म्हणाल तर जिभेचा काय भरवसा, या वयात साखरही कडू लागते. पण विद्या तर तरणी होती, तिनं ऐकलं ते?

त्यांनी शेजारच्या शिवाप्पांना गाठलं. शिवाप्पा निवृत्त बस कंडक्टर. बेळगावकडं नोकरी झाल्यामुळं मोडकंतोडकं मराठी बोलायचे. कुंपणापाशी कढीपत्ता तोडत होते.

बाईंनी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणाले, "अज्जी, तुमच्या घराच्या मागं दुपारी भजनमंडळी येते काय?"

"का हो?"

"आवाज येतो. खूप जण. काय म्हणतात ते नाही कळत, पण..." त्यांनी हातातली डहाळी फिरवली. "आमच्यात 'हौदु' म्हणतात ना, होय? तसं. आधी कुणीतरी काहीतरी मागतो, आणि हे सगळे हौदु, हौदु. स्वल्प हळू म्हणायला सांगा. माझी बायको घाबरते."

कस्तुरीबाई घरात आल्या आणि त्यांनी नियमच घातला. मागच्या खोलीत कुणी काही मागायचं नाही. 'असं झालं तर बरं', 'तसं होऊ दे' एवढंसुद्धा बोलायचं नाही. बोलायचं तर पुढच्या खोलीत.

"आई, हे काय नवीन?" उपेंद्र म्हणाला. "सोवळंओवळं ऐकलं होतं, आता हे बोलण्याचंही?" आणि म्हातारीची फिरकी घ्यायची म्हणून तो मुद्दाम त्या खोलीत गेला, पंख्याकडं बघून हात जोडले आणि ओरडला, "हे देवा, बेंगळुरात जरा समुद्राचं वारं सोड!"

व्हय म्हाराजा.

पडदा आत फुगला. खारट, दमट वारं आलं, सुकत घातलेल्या जाळ्याचा वास घेऊन. उपेंद्रचं हसू मिशीतच राहिलं. मग तो म्हणाला, "बेळ्ळंदूरच्या तळ्याकडून येत असेल."

"तळं पूर्वेला आहे," कस्तुरीबाई म्हणाल्या. "आणि लाज नाही वाटत? देवाला मागायचं ते चेष्टेवारी? उचलली जीभ लावली टाळ्याला!"

तो खिडकी लावून निघून गेला. बाईंनी बघितलं, त्याच्या हातावरचे केस उभे होते. पण कबूल करील तर इंजिनियर कसला!

४

मोठ्यांना नियम घालता येतो. पोराला कसा घालणार?

वल्लरी शाळेतून चित्र काढून आली होती. निळ्या खडूच्या रेघा, वर त्रिकोणी शीड. दप्तर टाकून ती आजीच्या खाटेवर उडी मारून बसली. बाई पांघरूण शिवत होत्या.

"आजी, आमच्या वर्गात सगळ्यांनी समुद्र बघितलाय. मीच नाही. मिस म्हणाल्या, तू कोकणातली ना, मग तू कसा नाही बघितलास?"

"ये, आपण पुढच्या खोलीत बोलू," म्हणत बाई सुईदोऱ्यासकट उठल्या.

"मला समुद्र बघायचाय. खराखुरा."

बाईंचा हात तिच्या तोंडाशी पोचला, पण शब्द बोटांतून निसटून गेला होता.

व्हय म्हाराजा.

या वेळी टाकीकडून नाही आलं. पायरीवरून आलं.

वल्लरीचे डोळे चमकले. "आजी, कोण आहे? तो हो म्हणाला!"

कस्तुरीबाईंनी मागचं दार लावलं, कडी घातली, वर खाट ओढून लावली. भीतीपेक्षा संताप जास्त होता. मनात एकच घोळत होतं. बाहेर ओहोटी लागलीय. फार लांबवर ओहोटी गेलीय. आणि किनाऱ्यावर वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा, एवढं लांब गेलेलं पाणी परत येताना, वाटेत कुणाचं पोर उभं आहे ते बघत नाही.

५

शनिवारी त्यांनी लेकाला स्कूटर काढायला लावली. न्यायचं नसेल तर चालत निघते, म्हणाल्या. विद्याला बजावलं, मी येईपर्यंत पोरीला पुढच्या खोलीतून हलू देऊ नकोस.

मल्लेश्वरमला नरसिंहरावांनी स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. बाईंनी ती तशीच ठेवली.

"तुम्ही गाऱ्हाणं घातलंत. ते पुरं करा."

"पुरं म्हणजे?"

"त्याला शेवट असतो. मागून झालं की पाठवणीचे शब्द असतात. ज्याला हाक मारली त्याला त्याच्या जागी जा म्हणून सांगायचं असतं. तुम्ही नारळ फोडून मोकळे झालात!"

"काकू, ती गंमत होती हो. एका संमेलनात एकाचं ऐकून मी पाठ केलं होतं. लोक हसतात तेवढंच. पुढचं मला येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुम्हीच म्हणा की!"

इथंच तर सगळं अडलं होतं. कस्तुरीबाईंनी जन्मभर गाऱ्हाणं ऐकलं होतं, पण अर्धंच. गावी बायका मागं उभ्या राहायच्या, आणि मागणं संपत आलं की कोणीतरी खूण करायचं, चला गं, पानं मांडा. पाठवणीचे शब्द पुरुषांनी ऐकायचे. बायकांनी भाताच्या वाफेत उभं राहायचं. आणि ते ऐकलेले पुरुष आता सगळे राख होऊन गेले होते.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. "मला येऊ दिलं नाही. पण तुम्हाला कुणी अडवलं होतं? अर्धवट येत होतं तर तोंड कशाला उघडलंत? आमच्या भूमीला शेवट म्हणणारे तुम्ही, तिच्या देवाला नाटकात नाचवणारे तुम्ही, आणि निस्तरायचं कुणी? माझ्या नातीनं?"

"उपेंद्र," नरसिंहराव हळूच म्हणाले, "आईंना एकदा डॉक्टरांना दाखव."

उपेंद्र खाली बघत होता. आईची बाजू घेतली नाही त्यानं. पण परतीच्या वाटेवर स्कूटर मात्र कधी नव्हे एवढी जोरात पळवली.

६

घरात वल्लरीचा आवाज नव्हता. वरून गच्चीवर विद्या बादली सरकवत असल्याचा आवाज येत होता. पुढच्या खोलीत दूरदर्शन चालू, समोर वल्लरीचा अर्धा खाल्लेला डोसा.

"विद्या! पोर कुठाय?"

"खालीच आहे, आई! मी फक्त कपडे..."

कस्तुरीबाई मागच्या खोलीकडं धावल्या. खाट बाजूला सरकलेली होती. सात वर्षांच्या पोरीला सरकेल अशी ती खाट नव्हती. दार सताड उघडं. फरशीवर उजेड पडला होता, पण तो बेंगळुरातला उजेड नव्हता. खालून वर येणारा, हलणारा, छतावर जाळी विणणारा उजेड होता.

वल्लरी पायरीवर उभी होती, एक पाय खाली सोडून. पाय घोट्यापर्यंत ओला.

"आजी, बघ ना! लांब आहे अजून. पण येतोय."

बाईंनी पाहिलं नाही. म्हणजे, पाहायचं नाही असं ठरवलं. तरी डोळ्यांच्या कडेला जेवढं शिरलं तेवढं शिरलंच. टाकी नव्हती. टाकीच्या जागी काहीच नव्हतं, आणि ते काहीच खूप लांबपर्यंत गेलं होतं. त्याच्या कडेवर एक काळी रेघ होती, माणसं खांद्याला खांदा लावून उभी असावीत तशी. ती रेघ मघापेक्षा जाड वाटली.

त्यांनी पोरीला खेचून आत घेतलं, तिचं तोंड आपल्या पोटाशी दाबलं आणि दाराकडं पाठ केली. पायांखालून थंड काहीतरी सरकत आलं आणि मागं गेलं. पाठवणीचे शब्द येत नव्हते ते नव्हतेच. मग जे येत होतं ते बोलल्या.

"लाज नाही वाटत तुला? लहान पोर बोललं आणि लगेच धावत आलास? बोलावलं ते एका दीडशहाण्यानं, नाव दाराला लावलं ते माझ्या लेकानं, आणि हात घातलास तो पोरीवर? मोठा म्हाराजा तू! मी तुझ्या काठावर जन्मले. बाप दिला तुला, दीर दिला, कधी हिशेब मागितला नाही. हिचं मागणं माझ्या पदरात टाक. तिनं मागितलं नाही, मी मागितलं, असं धर. दाखवायचं तर मला दाखव. तिला सोड!"

खोलीत पाण्याचा आवाज तेवढा होता. फरशीवरून ओढत नेलेल्या साडीसारखा.

मग अगदी मानेजवळ, इतक्या जवळ की अंबाड्यातून सुटलेले केस हलले:

व्हय म्हाराजा.

७

उपेंद्र दारात येईपर्यंत टाकी जागेवर आली होती. साइट कोरडी होती. त्यानं फरशीवर बघितलं. वल्लरीच्या पावलांचे ओले ठसे, त्यांत काळसर वाळू.

"बांधकामाची असेल," तो म्हणाला. पण संध्याकाळी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसला आणि दाराशेजारचा दगड काढला. काढताना एकदाही आईकडं बघितलं नाही. नरसिंहरावांना मंडळात कळलं तेव्हा ते फार दुखावले म्हणे. संस्कृतीची कदर नाही लोकांना, असं म्हणत होते. म्हणू देत.

आता घराला नाव नाही. पोस्टमन नंबर बघून येतो. वल्लरी पुढच्या खोलीत निजते. तिला त्या दिवसाचं विशेष आठवत नाही, समुद्र मागायचंही तिनं सोडून दिलंय. नीट जेवते, भांडते, वाढतेय.

नाव काढलं, पण घातलेलं गाऱ्हाणं कुठं निघतं? परवा विद्या मागच्या खोलीत केर काढताना सवयीनं बोलून गेली, "आता तरी घराला सुख लाभू दे." उत्तर आलं. विद्यानं केरसुणी तिथंच टाकली. ती तिथंच पडलीय.

कस्तुरीबाईंनी मात्र खोली सोडली नाही. सोडून जाणार कुठं? मागणं त्यांच्या नावावर आहे, ते त्यांच्या मागं मागं येईल, आणि पुढच्या खोलीत पोर निजतं. चहा त्या अजून त्याच दाराशी घेतात, फक्त आता दाराकडं पाठ करून. पाठीला कधी कधी खारं वारं लागतं. पायरीवरची पांढरी रेघ आधी खाली असायची, मग कडेला आली. आज सकाळी ती उंबऱ्याच्या आत होती. पुसायला ओणवं व्हायचं म्हणजे बाहेर नजर जाणार, म्हणून बाईंनी पाठमोरं बसूनच, चाचपडत, हातानं पुसली.

आणि राग आला. या वयात स्वतःच्या घरात चोरासारखं बसायचं? त्यांनी पेला फरशीवर आपटला.

"ऐक रे," पाठ न वळवता त्या म्हणाल्या. "मी शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण घाई करायची नाही. पोरगी मोठी होऊ दे. मी हाक मारीन तेव्हा यायचं, त्याच्या आधी नाही. समजलं?"

त्या थांबल्या.

शिवाप्पांच्या अंगणात कढीपत्त्यावर बुलबुल बोलत होता. पुढच्या खोलीत वल्लरी पाढे म्हणत होती. आजवर त्या खोलीत कुणी काही मागितलं आणि उत्तर आलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

कस्तुरीबाई थांबल्या. चहावर साय धरली.

मागून कुणीच काही बोललं नाही.